अध्यक्षावर पडलेला डोंगर

अमेरिकेच्या अध्यक्षाचा पाय अधू झाला आहे, ही बातमी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे नागपुरातल्या आमच्या वस्तीत, माझ्यामुळे पसरली. ती खरी नव्हती. पण ती इतकी चटकन पसरली आणि लोकांनी तिच्यावर इतके जिव्हाळ्याचे उपाय सुचवले, की खरं सांगायची वेळ निघूनच गेली. मोहाच्या तेलानं सकाळ-संध्याकाळ मालिश करावी, यावर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर एकमत झालं होतं. तेल अमेरिकेला कसं धाडायचं, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

माझ्याकडून बातमी घेऊन ती पानठेल्यापर्यंत नेली आमच्या घरमालकांनी. त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते आणि रोज बसनं जात. वारा तिकडून असला की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर राखेचा पातळ थर बसे आणि मास्तरांच्या बायको, काकू, खालून ओरडत, "अवं, तुह्या बाबाचं हापिस आलं वं घरी, चादरी उचल."

मास्तरांनी सगळी नोकरी तारघरात केली होती. यंत्र कटकट करायचं आणि मास्तर ती कटकट ऐकून इंग्रजी अक्षरं कागदावर उतरवून घ्यायचे. त्यामुळे कुठल्याही इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग त्यांना येई, अर्थ मात्र फार थोड्यांचे माहीत होते. सीरियस, एक्स्पायर्ड, स्टार्ट इमिजिएटली, रीच्ड सेफली, कन्फर्म्ड, नो इन्ज्युरी, काँग्रॅच्युलेशन्स. त्यांचं सगळं इंग्रजी जन्म, मरण, अपघात आणि गाडीची वेळ एवढ्यात मावत होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं घालवून त्यापलीकडचं बरंच शिकले होते. त्यातलं आयुष्यात काय उपयोगी पडलं, याचा विचार केला तर मास्तरांची यादी जास्त बरी होती.

तारेची दुसरी सवय म्हणजे शब्द वाचवणं. घरातही ते तारेसारखंच बोलत. "चहा. दोन. लवकर." काकूंचा स्वभाव अगदी उलटा. त्या म्हणत, "तुमचे सारे शब्द हापिसातच सरले का जी? माह्यासाठी एकही नाही उरला?" मास्तर शांतपणे म्हणत, "'माह्यासाठी' काढ. तरी समजते."

मला मात्र हे आवडायचं. मी कमी बोलणारी. घरी पाहुणे आले की गच्चीवर जाणारी. इतर मोठी माणसं मला विचारत, "इतकी गप्प काहून असते वं?" आणि त्याचं उत्तर बोलूनच द्यावं लागे. मास्तरांनी तसं कधीच विचारलं नाही. मी कमी बोलते हे त्यांना गुण वाटे. मला बोलवायचं असलं तर ते जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्ली वाजवत. एक ठरावीक ठेका होता. तारेच्या भाषेत ते माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी वरून कठड्यावर वाटी वाजवून "येते" असं कळवी. आमचं बरंचसं संभाषण असं धातूवर चाले.

बोलवणं असे मासिकासाठी. कधीतरी एका प्रदर्शनात मास्तरांनी तिथल्या वहीत पत्ता लिहून दिला होता. तेव्हापासून अमेरिकेची तारीफ करणारं एक गुळगुळीत कागदाचं मासिक त्यांच्या नावानं फुकट येऊ लागलं. तीन घरं पलीकडच्या किराणावाल्या भाऊंकडे तसंच फुकट रशियाचं मासिक येई. भाऊ त्यात जिरं बांधून देत. मास्तरांना हा रशियाचा अपमान वाटे आणि अमेरिकेच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून ते मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेत. म्हणजे मी इंग्रजीत वाचायचं आणि मराठीत सांगायचं. ते आरामखुर्चीत डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत ऐकायचे.

अडचण अशी होती की माझं मराठी घरातलं होतं, भाजीपाला, शेजार आणि सर्दी-पडशापुरतं. अमेरिकेच्या राजकारणाचे शब्द त्यात कुठून असणार? त्या वर्षी तिकडे निवडणूक होती. मासिक दोन-अडीच महिने उशिरा येई, त्यामुळे आमच्याकडे ती सावकाश चालली आणि संक्रांतीच्या सुमारास आटोपली.

सुरुवात प्रायमरीपासून झाली.

"इथं लिहिलंय, आधी प्रायमरी होते. त्यात जो पास होईल तोच पुढं उभा राहतो."

मास्तरांनी डोळे उघडले. "प्रायमरी म्हणजे चौथी?"

ही पक्षातली निवड आहे, शाळा नव्हे, असं मी दुरुस्त करायला हवं होतं. पण दुरुस्त करायचं म्हणजे पाच-सहा वाक्यं बोलायची, तीही मोठ्या माणसाला. मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

"चांगलं आहे," मास्तर म्हणाले. "आपल्या इकडं एवढंही नाही."

गप्प बसणाऱ्या माणसाला लोक साधं समजतात. हा समज किती सोयीचा असतो, हे मला त्या वर्षी कळलं. त्यानंतर मी कधी अर्थ येत नाही म्हणून, कधी कंटाळा आला म्हणून, आणि मग नुसती गंमत वाटते म्हणून माझं माझं घालू लागले. तिकडे एका पक्षाची खूण गाढव आणि दुसऱ्याची हत्ती आहे, हे मात्र खरं होतं, आणि ते सांगताना मला काही घालावं लागलं नाही.

"गाढव त्यायनं स्वतःहून घेतलं?"

"हो."

"कोणी दिलं नाही?"

"नाही, काका."

मास्तर बराच वेळ बोटं वाजवत राहिले. "ज्यायनं चंद्रावर माणूस धाडला, त्यायनं गाढव घेतलं. काही तरी असन."

गाढवाकडून उभा होता तो तेव्हाचा अध्यक्ष. तो मुळात भुईमूग पिकवणारा शेतकरी होता. मास्तरांचं गाव काटोलकडचं, घर शेतकऱ्याचं, त्यामुळे त्यांनी त्याला लगेच आपला मानला. ते त्याला शेंगदाणेवाला म्हणत. हत्तीकडून सिनेमातला एक नट होता.

"हीरो का व्हिलन?" काकूंनी आतून विचारलं.

मासिकात तसं काही नव्हतं. मी त्याचा फोटो पाहिला. केस फार नीट विंचरलेले होते. "हीरोचा मित्र वाटतो," मी म्हटलं.

"मंग तोच येते निवडून," काकू म्हणाल्या. "हीरोचा मित्र कोणाच्या वाईटात नसते."

मास्तरांना ते पटलं नाही. "भुईमूग काढणाऱ्याले वाकता येते. नटाले फक्त उभं राहता येते," ते म्हणाले, आणि आपण किती शब्द खर्च केले हे लक्षात येऊन पुढचा अर्धा तास बोललेच नाहीत.

आणि मग तो अंक आला. नट जिंकला होता. लँडस्लाइड, असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

हा शब्द मला भूगोलात होता. निवडणुकीत त्याचा अर्थ दणदणीत विजय, हे मला पुढं कळलं. पण भूगोलही इंग्रजीतच होता. नागपूरला दरड कोसळायला डोंगर लागतो, तो नाही. त्यामुळे त्याला मराठीत काय म्हणतात हे आमच्या घरी कधी कोणी बोललंच नव्हतं. मी म्हटलं, "डोंगर पडून जिंकला."

मास्तरांची बोटं थांबली. "डोंगर? कोणाच्या अंगावर?"

मी इथं थांबू शकले असते. पण त्या क्षणी मला ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं, की मी म्हटलं, "शेंगदाणेवाल्याच्या."

"एक्स्पायर्ड?"

"नाही. सीरियस पण नाही." मी खालची ओळ वाचली. जानेवारीपर्यंत हा अध्यक्ष लेम डक राहणार, असं तिथं लिहिलं होतं. लेम म्हणजे लंगडा आणि डक म्हणजे बदक, हे तर केजीतल्या मुलालाही येतं; जाता जाता नावापुरता उरलेला अध्यक्ष, हा अर्थ मला कोणी शिकवला नव्हता. "पाय गेला. लंगडत चालतो. बदकासारखा."

त्यांनी खरोखर डोकं हलवून हळहळ व्यक्त केली. मला हसू आवरेना, म्हणून मी मासिक तोंडासमोर धरलं आणि पुढं वाचलं. पुढं जे होतं ते अगदी खरं होतं. निकाल लागला त्या दिवशी शेंगदाणेवाल्यानं स्वतः फोन करून नटाचं अभिनंदन केलं होतं. तिकडे हरलेला माणूस असा फोन करतोच, ती रीत आहे, असं लिहिलं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"हे तू मनानं सांगून राहिली."

"नाही काका, हे खरंच छापलंय."

"ज्याच्या अंगावर डोंगर पडला, तो उठून फोन करीन? तोही जिंकला त्याले? पोरी, मी जन्मभर तारा घेतल्या. हरलेल्याची तार जिंकलेल्याले गेलेली एकदाही पाह्यली नाही."

मी वर्षभर जे जे खोटं सांगितलं ते सगळं त्यांनी मान्य केलं होतं. एवढं एकच खरं त्यांनी परत केलं.

दोन दिवसांनी बाबा कामावरून आले, बुटांवरची राख झटकली आणि म्हणाले, "आज बसमध्ये ऐकलं, अमेरिकेच्या अध्यक्षावर डोंगर पडला म्हणे." मी भात कालवत राहिले. "मास्तरांना मासिक तूच वाचून दाखवतेस ना?" मी मान हलवली. बाबांनी पुढं काही विचारलं नाही. माझा गप्पपणा मला त्यांच्याकडूनच आला आहे.

हे सगळं गमतीत संपलं असतं. पण होळीनंतर आमच्या लेआउटच्या प्लॉटधारक मंडळाची निवडणूक आली. मंडळाचा अध्यक्ष दरवेळी कोणीतरी नको नको म्हणत होई. या वेळी मात्र कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटचं काय करायचं ते ठरायचं होतं. किराणावाल्या भाऊंना तिथं मंगल कार्यालय हवं होतं. मास्तरांना वाचनालय हवं होतं, म्हणून दोघंही उभे राहिले. एक लांब टेबल, चार बाकं, भिंतीवर घड्याळ. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. लेआउटमधला एकुलता एक फोन त्यांच्याकडे होता, तो खात्यातर्फे मिळालेला, त्यामुळे लोक येत, पण फोनशी बोलून जात. वाचनालय झालं तर लोक मास्तरांसाठी येतील, असं त्यांना वाटत असावं. त्यांनी तसं सांगितलं नाही. तेवढे शब्द त्यांच्याकडे नव्हते. पण टेबलाचा नकाशा त्यांनी मला तीनदा दाखवला.

निवडणूक त्यांनी अमेरिकेसारखी करायची ठरवली. म्हणजे दोन्ही उमेदवारांनी सगळ्यांसमोर भाषण करायचं आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्यांसाठी वनस्पती तुपाचा रिकामा डबा भाऊंनीच दिला.

संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर सतरंज्या टाकल्या होत्या. बायका मागे, त्यांच्या मागे मी. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. "वाचनालय पाहिजे. पोरं वाचतील. मंगल कार्यालय दोन गल्ल्या सोडून आहेच. थँक्यू." आणि खाली बसले. लोकांना वाटलं, पाणी प्यायला थांबले. बराच वेळ सगळे वाट पाहत होते.

मग भाऊ उठले. भाऊ वाईट माणूस नव्हते. पण त्यांना गिऱ्हाइकाला हसवायची सवय होती आणि समोर इतकं गिऱ्हाईक एकदम कधी बसलं नव्हतं. त्यांनी खिशातून रद्दीतल्या मराठी पेपरचं एक पान काढलं.

"मास्तर आपल्याले वाचाले शिकवणार आहेत. चांगली गोष्ट आहे. हे पाहा, आपला शेंगदाणेवाला. नवीन अध्यक्षाच्या शपथेले आलेला. दोन पायांवर उभा आहे गा. ना काठी, ना कुबडी." त्यांनी पान सगळीकडे फिरवलं. "मास्तर, तो डोंगर कोठी पडला जी?"

सतरंजी हसायला लागली. काकूंना नवऱ्याची बाजू घ्यायची होती. त्या बायकांतून मोठ्यानं म्हणाल्या, "तेल लावलं असन त्यानं." मग तर लोक मांड्या थोपटू लागले.

मास्तर उठले नाहीत. मान वळवून त्यांनी गर्दीत शोधलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तार घेताना एखादं अक्षर चुकल्यासारखं वाटलं तर पलीकडच्या माणसाला विचारतात, पुन्हा पाठवा, तसं पाहिलं. "या पोरीनं सांगितलं" एवढे तीनच शब्द लागले असते. ते त्यांनी वापरले नाहीत. आणि मी काहीच पाठवलं नाही. मी पुढच्या बाईच्या खांद्याआड झाले आणि तिच्या पदरावरची नक्षी पाहत उभी राहिले.

डब्यातून मास्तरांच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. त्यातली एक बाबांची होती, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी कठडा वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नवा अंक आलेला मी जिन्यातून पाहिला. तो न फोडता फोनशेजारी पडला होता. मी दोनदा वाटी घेऊन कठड्यापर्यंत गेले. आधी आपण वाजवायचं असं आमच्यात नव्हतं, असं स्वतःला सांगून परत आले.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊंच्या घरून रडण्याचा आवाज आला. एकीचा, मग तिघी-चौघींचा. लोक हातातलं टाकून धावले. काकू धावल्या, आई धावली, मागोमाग मी. भाऊंच्या दारात तारवाला सायकल धरून उभा होता आणि भाऊ हातात तार घेऊन ओट्यावर बसले होते. पाकीट फोडायची हिंमत त्यांना होत नव्हती. त्यांची म्हातारी आई चार दिवसांपूर्वीच वर्ध्याला लेकीकडे गेली होती. आमच्याकडे तार म्हटली की आधी रडायचं आणि मग उघडायची.

"कोणी तं वाचा गा," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज दुकानातला नव्हता. "इंग्रजीत असते ते."

तारवाल्यानं हात झटकले, आणि मास्तर तेवढे आले नव्हते. कोणीतरी म्हणालं, "कॉन्व्हेंटवाली कोठी आहे?" आणि इतक्या लोकांनी एकदम वळून पाहिलं, की मला कुणाच्या खांद्याआड जाता आलं नाही. मला पुढं ढकलण्यात आलं. पाकीट माझ्या हातात आलं.

मी ते फोडलं. आधी पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं आणि मग मजकूर. तीन घरं पलीकडे राहणाऱ्या माणसानं शहरातल्या तारघरात जाऊन केलेली ती तार होती.

"लँडस्लाइड कन्फर्म्ड," मी वाचलं. "डिफीटेड सेफली. नो इन्ज्युरी. काँग्रॅच्युलेशन्स."

"आई गेली का?" भाऊंनी विचारलं.

"नाही, नाही. आजींचं काही नाही. मास्तरांची तार आहे." मी कागद वर धरला. "ते म्हणतात, तुम्ही जिंकलात. मी पडलो, पण मला लागलं नाही. तुमचं अभिनंदन."

रडणं एकेका बाईत बंद होत गेलं. भाऊंनी डोळे पुसले, तार उलटीसुलटी करून पाहिली. "तीन घरं सोडून तार? पागल झाला का मास्तर?"

लोक हसायच्या बेतात होते. तोच आवाज मला पुन्हा ऐकू येणार होता, सतरंजीवरचा. मला माझं नाव कठड्यावर वाजतंय असं वाटलं, खरं तर ते माझ्याच छातीत वाजत होतं.

"अमेरिकेत हरलेला माणूस फोन करतो," मी म्हटलं. "ती तिथली रीत आहे. तुमच्याकडे फोन नाही, म्हणून त्यांनी तार केली." इथपर्यंत आले होते, तर पुढंही गेले. "डोंगराचं मी सांगितलं होतं. चूक माझी होती. मास्तरांची नव्हती."

कोणी हसलं नाही. इतक्या लोकांसमोर बोलायची ती माझी पहिली वेळ, आणि लोकांना बहुधा मी काय बोलले यापेक्षा मी बोलले याचंच नवल वाटलं असावं. भाऊंनी तार घडी घालून खिशात ठेवली. मग चपला घालून निघाले आणि मास्तरांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "मास्तर," त्यांनी बाहेरून आवाज दिला, "वर्ध्याले फोन कराचा होता. आई कशी आहे ते पाह्यतो एकदा. लावून देता का जी?"

मंगल कार्यालय झालंच. पुढं माझंही लग्न तिथंच लागलं आणि मास्तरांनी मांडवात असूनही तार केली. बाकं मात्र भाऊंनी चार जास्तीची घेतली. लग्न नसेल त्या दिवशी त्यावर मास्तर बसत आणि रशिया-अमेरिका शेजारी शेजारी ठेवलेले असत.

पण ते नंतर. त्या दिवशी दुपारी कठडा वाजला. मी वाटी न वाजवता सरळ खाली गेले. मास्तर आरामखुर्चीत होते, नवा अंक मांडीवर. काकूंनी ओट्यावरची सगळी हकीकत त्यांना शब्दन् शब्द सांगितलेली दिसत होती, कारण काकू दमून भिंतीला टेकल्या होत्या.

मी उभीच राहिले. माफी मागायची म्हणून मनात वाक्य जुळवत होते. मास्तरांनी डोळे मिटले होते, बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. ती शब्द मोजत होती, हे मला उशिरा कळलं.

"डोंगराचं मी सांगितलं होतं. चूक माझी होती. मास्तरांची नव्हती," ते म्हणाले. "असंच बोलली ना?"

"हो, काका."

"'चूक माझी होती' म्हटल्यावर 'मास्तरांची नव्हती' कायले? समजते नं. दोन शब्द फुकट गेले."

आणि त्यांनी अंक माझ्यापुढं केला.

हा प्रसंग मी नंतर बऱ्याच जणांना सांगितला आहे. आता मी बोलते. सांगताना बाकीचं पुष्कळ कमीजास्त होतं, ती माझी जुनी सवय. पण ते दोन शब्द मी अजून एकदाही गाळलेले नाहीत.